खड्ड्याचा खर्च आणि पाण्याचा हिशेब

दर वर्षी वैशाख सरत आला, की राज्यातील कोरडवाहू टापूत एक घरघर ऐकू येऊ लागते. ती मेघांची नसते. माती उकरणाऱ्या यंत्रांची असते. मृगापूर्वी खणून झाले तर पहिला पाऊस पदरात पडेल, या आशेने शेतकरी जेसीबीवाल्याच्या आणि पोकलेनवाल्याच्या दारी खेटे घालीत असतो. यंत्राचा तासाचा भाव नेमका याच दिवसांत चढलेला असतो. आणि बांधावर उभा राहून तो शेतकरी एकच आकडा मनाशी घोळवीत असतो : हे शेततळे आपणांस पडणार तरी कितीला? हा एका शेतकऱ्याचा खासगी प्रश्न आहे, असे समजून शहरातील वाचकाने पान उलटू नये. त्या खड्ड्यात शेतकऱ्याच्या गाठीचे पैसे जसे पडतात, तसे सार्वजनिक तिजोरीचेही पडतात. आणि त्यात जे पाणी साठते ते कोणाचे, हा प्रश्न तर साऱ्या गावाचा आणि पर्यायाने साऱ्या राज्याचा आहे. म्हणूनच हा विषय आज आम्ही पहिल्या पानावर घेत आहोत.

शेतात पडलेले पाणी शेतातच अडवावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, सरकारने फौजेतील व पोलिसांतील माणसांकडून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून घ्यावेत आणि पावसाचे पाणी शेतांत मुरेल अशी तजवीज करावी, असे सुचविले होते. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे पाझर तलावांच्या आणि नालाबांधांच्या कामांवर राबली, आणि त्या अनुभवातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आकारास आला. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना जाहीर केली. ज्याच्या नावे कोरडवाहू भागात निदान ०.६० हेक्टर जमीन आहे, त्याला आपल्या शेतात जास्तीत जास्त ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळे खणण्यास ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळावे, आणि त्यावरचा खर्च त्याने स्वतः सोसावा, असे तिचे स्वरूप होते. २०२२ मध्ये मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेखाली ही मर्यादा ७५ हजार रुपये करण्यात आली. सरकारचा हेतू चांगला होता, याविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. तथापि हेतू चांगला असला म्हणून हिशेब आपोआप बरोबर येत नाही, आणि आमचे आजचे म्हणणे हिशेबाविषयीच आहे.

वर्तमानपत्राच्या कचेरीत येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळेत खडूने हात पांढरे केले आहेत. त्या जुन्या सवयीने हे गणित फळ्यावर मांडून पाहू. वर ३० मीटर चौरस, बाजूंना एकास एक उतार, खोली ३ मीटर. म्हणजे तळाशी २४ मीटर चौरस उरतो. या आकाराच्या खड्ड्यातून निघणारी माती भरते २,१९६ घनमीटर. ५० हजारांस या आकड्याने भागले, तर घनमीटरला पडतात २२ रुपये ७७ पैसे. आणि ७५ हजारांस भागले, तर सुमारे ३४ रुपये. म्हणजे सरकार शेतकऱ्यास जे सांगत आले ते असे : ‘एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल माती उकरून, उचलून, बांधावर नेऊन दाबून बसविण्यास आम्ही एवढे देतो, बाकीचे तू पाहा.’ यंत्राचे भाडे आणि डिझेल यांचे भाव गावोगाव निराळे असतात; पण साध्या माती-मुरुमात घनमीटरला ५० रुपये पडले असे धरले, तर खोदाईचाच खर्च १ लाख ९ हजार ८०० रुपये होतो. ७५ हजार हाती आले तरी वरचे जवळजवळ ३५ हजार शेतकऱ्याने आणायचे कोठून?

बरे, सगळी जमीन एकाच जातीची असती तर गोष्ट वेगळी. दख्खनच्या भूमीत वर हात-दोन हात काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ, अशी उतरंड असते. आणि कातळ कोठे लागेल हे खणल्यावाचून सांगता येत नाही. नदीकाठच्या गाळवट जमिनीत यंत्र लोण्यात सुरी फिरावी तसे फिरते. माळावर दीड मीटरच्या खाली त्याचे दात झिजतात, मग दगड फोडणारे यंत्र बोलवावे लागते आणि खर्च कोठल्या कोठे जातो. अनुदानाचा तक्ता मात्र तळ्याची लांबी, रुंदी आणि खोली पाहतो. तळ्याच्या पोटात काय आहे ते पाहत नाही. परिणाम असा, की ज्याची जमीन आधीच चांगली त्याचे अनुदान पुरते, आणि ज्याची जमीन खडकाळ, म्हणजे पाण्याची गरज ज्याला सर्वांत अधिक, त्याला तेच अनुदान अर्ध्या खड्ड्यातच संपते. विषम भूमीवर समान रक्कम वाटणे यास आम्ही समता म्हणणार नाही.

खोदाई हा खर्चाचा दिसणारा भाग होय. न दिसणारे भाग पुढेच आहेत. पाणी आत येण्याच्या वाटेवर दगडी फरसबंदी हवी, नाहीतर पहिल्याच वळवाच्या सरीत काठ कापला जातो. आत येणारा गाळ थांबविण्यास अलीकडे एक लहान खड्डा हवा, नाहीतर चार-पाच पावसाळ्यांत तळ्याचे पुन्हा शेत होते. जादा पाणी बाहेर जाण्यास सांडवा हवा. मुरमाड जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या कापडाचे अस्तर घालावयाचे म्हटले, तर उतार, तळ आणि काठावर पुरावयाची किनार मिळून साडेअकराशे चौरस मीटर कापड लागते. चौरस मीटरला १०० रुपये धरले तरी १ लाख १५ हजार रुपये झाले. म्हणजे तळ्याच्या अंगरख्याचा खर्च तळ्याच्या खर्चाहून वरचढ! आणि हा अंगरखा जन्मभर पुरत नाही. ऊन, उंदीर, खेकडे आणि पाण्यावर उतरणारी जनावरे यांच्यापुढे काही वर्षांत तो विरतो, आणि नवा घालण्याची पाळी येते.

जमिनीची किंमत तर कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. खड्डा ९ गुंठ्यांचा; परंतु उकरलेल्या मातीचा बांध आणि सभोवार फिरण्यास वाट धरली म्हणजे १४-१५ गुंठे अडकून पडतात. योजनेने पात्र ठरविलेला सर्वांत लहान शेतकरी घ्या. त्याची ०.६० हेक्टर म्हणजे सुमारे ५९ गुंठे जमीन. त्याने सर्वांत मोठे तळे खणले, तर शेताचा चौथा हिस्सा तळ्याखाली गेला. उरलेल्या तीन हिश्शांनी त्या चौथ्याचे पीक भरून काढले पाहिजे आणि शिवाय तळ्याचे कर्जही फेडले पाहिजे. कर्ज म्हणावयाचे कारण असे, की अनुदान काम पुरे होऊन मोजमाप झाल्यावर हाती पडते. यंत्रवाल्याला मात्र यंत्र परत जाण्यापूर्वी पैसे मोजावे लागतात. मधल्या काळाचे व्याज कोणी मोजत नाही. ते शेतकरी भरतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. खड्डा तर झाला. पण तो भरणार कशाने? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. वर्षाकाठी ६०० मिलिमीटर पाऊस पडणारे गाव घ्या. मराठवाड्यातील आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील पुष्कळ गावे याहून फारशी सुखी नाहीत. पडलेल्या पावसापैकी शेतावरून वाहून तळ्यापर्यंत येणारा हिस्सा शेकडा १५ धरू. उरलेले पाणी जमिनीत मुरते वा हवेत उडते. ०.६० हेक्टरच्या शेतातून, तळ्याची जागा वजा जाता, सुमारे ४६० घनमीटर पाणी वाहत येईल. आणि तळ्याच्या तोंडावर थेट पडणारा पाऊस ५४० घनमीटर होईल. दोन्ही मिळून हजार घनमीटर. तळ्याचे पोट आहे २,१९६ घनमीटरांचे. म्हणजे पाऊस सरासरीइतका आणि नीट पडला, एक थेंबही उडाला वा झिरपला नाही, तरीही तळे निम्मे भरत नाही. ते भरावयास शेजाऱ्याच्या शेताचे पाणी हवे, किंवा ओढ्याची वाट जवळून गेलेली हवी. जेथे यांतले काहीच नाही तेथे शेतकऱ्याने लाखभर रुपये खर्चून अर्धा खड्डा पाण्यासाठी आणि अर्धा वाऱ्यासाठी खणला, असेच म्हणावे लागेल.

आणि येथेच या प्रकरणाला वाकडे वळण लागते. कर्ज काढून खणलेले तळे कोरडे पाहणे कोणाच्याही जिवावर येणार. मग विहिरीवरचा पंप सुरू होतो. विहिरीचे पाणी पुरेना, की बोअर घेतली जाते. आणि पावसाचे पाणी धरण्यासाठी म्हणून जे तळे खणले, ते जमिनीखालचे पाणी वर काढून ठेवण्याचा हौद बनते. राज्याच्या अनेक भागांत, विशेषतः फळबागांच्या पट्ट्यात, तळी अशीच भरली जातात, हे अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहे. आणि गावोगाव हिंडणाऱ्या कोणासही ते डोळ्यांनी दिसते. यातील दोष समजावून घेण्यासाठी पुन्हा फळ्याकडे जावे लागेल. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ-दहा मिलिमीटरचा थर हवेत उडून जातो. ९०० चौरस मीटरच्या तळ्यावरून आठ मिलिमीटर म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. जानेवारी ते मे या पाच महिन्यांची सरासरी सात मिलिमीटर धरली, तर तीन मीटर पाण्यातील एक मीटर सूर्यनारायणच पिऊन टाकतो. आणि हा वरचा मीटर सर्वांत रुंद असल्यामुळे भरल्या तळ्यातील आठ लाखांहून अधिक लिटर पाणी त्यात जाते. जे पाणी भूमीच्या पोटात सावलीत, सुरक्षित आणि फुकट साठलेले होते, ते वीज जाळून वर काढावयाचे, लाखाच्या प्लॅस्टिकवर पसरावयाचे आणि त्यातला तिसरा हिस्सा उन्हाला वाहावयाचा, हा कोणता शहाणपणा?

शाळेच्या जुन्या अंकगणितात हौदाचे एक उदाहरण असे. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामा करतो. दोन्ही एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल? मुले उत्तर काढीत, आणि एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारी, ‘पण गुरुजी, दुसरा नळ सोडायचाच कशाला?’ आमच्या शेततळ्यांच्या धोरणाला हाच प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. गावाची भूजलाची शिदोरी हा एक हौद आहे. पाऊस तो भरतो, आणि शेकडो पंप तो उपसतात. सार्वजनिक पैशाने पहिला नळ मोठा करावयाचा होता. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी दुसराच मोठा झाला. ज्याच्यापाशी मोठे तळे आणि खोल बोअर आहे तो दिवाळीपूर्वीच आपला वाटा, आणि त्याबरोबर शेजाऱ्याचाही, वर काढून ठेवतो. ज्याच्यापाशी केवळ जुनी उथळ विहीर आहे त्याची विहीर संक्रांतीलाच तळ दाखवू लागते. पुढे चैत्रात त्याच गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो, आणि त्याचेही बिल सरकारच भरते. म्हणजे पाणी लपविण्यास एकदा पैसे दिले आणि पाणी आणून देण्यास दुसऱ्यांदा! २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटरांहून खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे. कायदा कागदावर आहे. खोदयंत्रे रानात आहेत.

यावर कोणी म्हणेल, की तुम्ही शहरात पंख्याखाली बसून बागाईतदाराला चोर ठरवीत आहात. आमचा तसा अभिप्राय मुळीच नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. दहा-दहा वर्षे पोटच्या पोरासारखी वाढविलेली झाडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडून सरपण केली. ज्याने ते पाहिले तो पुढच्या उन्हाळ्यासाठी पाणी साठवून ठेवू पाहणारच. त्याच जिल्ह्यातील कडवंची गावाने आधी डोंगरमाथ्यापासून पाणलोटाची कामे केली, मग तळी खणली आणि द्राक्षाच्या बागा उभ्या केल्या. त्या कष्टांचे मोल कोणी कमी लेखू नये. पण व्यक्तीच्या दृष्टीने जे शहाणपण ठरते, तेच सगळ्यांनी एकदम केले म्हणजे गावाचा वेडेपणा ठरू शकतो. सभेत एकाने उभे राहून पाहिले तर त्याला दिसते. सगळेच उभे राहिले तर कोणालाच दिसत नाही, आणि पाय मात्र सर्वांचे दुखतात. अशा वेळी ‘सगळे बसा’ असे म्हणणारा कोणीतरी लागतो. ते काम राज्यसंस्थेचे आणि ग्रामसभेचे. राज्यसंस्थेने मात्र उभे राहण्यासाठी पाट वाटावेत, हे आम्हांस पटत नाही.

मग लहान शेतकऱ्याने तळे खणूच नये काय? अवश्य खणावे, पण आपल्या पावसाच्या मापाने खणावे. वरचेच ०.६० हेक्टरचे शेत पुन्हा घेऊ. तेथे २० मीटर चौरस व ३ मीटर खोल तळे खणले, तर त्याचे पोट ८७६ घनमीटरांचे होते, आणि त्यात येणारे पाणी होते सुमारे ७४५ घनमीटर. म्हणजे बऱ्या वर्षी ते जवळजवळ भरते. १५ मीटर चौरस तळ्याचे पोट ४४१ घनमीटरांचे. ते तर भरून वाहील, आणि श्रावणात उपसले तर परतीच्या पावसात दुसऱ्यांदा भरू शकेल. आता याचा उपयोग पाहा. पाऊस पंधरा-वीस दिवस दडी मारतो, सोयाबीन फुलोऱ्यावर किंवा शेंगांत दाणा धरण्यावर असते, आणि त्या वेळी एकच हलके पाणी मिळाले तर पीक वाचते, नाहीतर हातचे जाते. पाच सेंटिमीटरच्या अशा एका पाण्याला ०.६० हेक्टरसाठी ३०० घनमीटर पुरतात. म्हणजे लहान तळे एक पाणी खात्रीने देते, आणि मधले तळे दोन. घनमीटरला तेच ५० रुपये धरले, तर लहान तळ्याची खोदाई २२ हजारांत आणि मधल्याची ४४ हजारांत होते. कर्ज नको, प्लॅस्टिक नको, बोअर नको. काळ्या जमिनीत पाणी पुरेसे ठरते. आणि जे थोडे झिरपेल ते खालच्या विहिरीला मिळेल, म्हणजे गावातच राहील. तळे जितके मोठे तितका शेतकरी सुखी, ही समजूत अनुदानाच्या तक्त्याने पसरविली आहे. तक्त्यातील सर्वांत मोठ्या रकमेकडे सर्वांचे डोळे लागतात, आणि आपल्या पाणलोटाकडे कोणी पाहत नाही.

खणण्याच्या या घाईत जे आधीच खणलेले आहे त्याची आठवणही राहत नाही. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत शेकडो वर्षांपूर्वीचे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले, आणि मागाहून मालगुजारांनी सांभाळले. भाताच्या शेतीचे ते प्राण होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती गेली याचे दुःख कोणी करू नये. पण मालगुजाराबरोबर तलाव सांभाळणारी जुनी व्यवस्थाही गेली, आणि तिच्या जागी गावाची व्यवस्था उभी राहिली नाही. तलाव सरकारी झाले, म्हणजे कोणाचेच नाहीत असे झाले, आणि वर्षानुवर्षे गाळाने भरत गेले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांतील ‘माजी’ जणू तलावांनाच लागू पडला. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेने जुन्या जलाशयांतील गाळ काढून शेतांत नेण्याचा मार्ग खुला केला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. जुना तलाव रुंद वा खोल करणे आणि नवा खड्डा खणणे यांत एक मोठा अंतर्भेद आहे. जुन्या तलावाला पाणलोट असतो, सांडवा असतो, वाट सापडलेली असते. आपल्या पूर्वजांनी पाणी कोठून येते ते पाहून मगच पाळ घातलेली असते. तेथे काढलेला गाळ माळरानाला सुपीक करतो, म्हणजे एकाच खर्चात पाणी आणि माती दोन्ही पदरात पडतात.

शेवटी एका खर्चाविषयी लिहिताना आमची लेखणी अडखळते. अस्तर घातलेल्या शेततळ्यात पडून मूल बुडाले, ही बातमी आम्हांस आमच्या आतल्या पानांवर पुनःपुन्हा छापावी लागली आहे. प्लॅस्टिकचा ओला उतार साबणासारखा निसरडा असतो. मोठ्या माणसाच्यादेखील हाताला तेथे काही लागत नाही, मग मुलांची काय कथा! चोहो बाजूंनी तारेचे कुंपण, काठावर दोन-चार गाठी मारलेले दोर आणि तरंगणारे टायर, एवढ्याने जे जीव वाचले असते ते तळ्याच्या खर्चात मोजले गेले नाहीत. कारण अंदाजपत्रकात कुंपण हा ‘जमल्यास करण्याचा’ भाग असतो. आमच्या मते कुंपण नसलेले तळे हे अपुरे काम समजावे.

या सर्व विवेचनातून आम्हांस जे सुचवावयाचे आहे ते थोडक्यात असे. अनुदान खड्ड्याच्या आकारावर देऊ नये. तो खड्डा किती पाऊस धरू शकतो यावर द्यावे. त्यासाठी अर्ज मंजूर होण्यापूर्वी जाणत्या माणसाने शेतावर जाऊन उतार, पाणलोट आणि जमिनीचा थर पाहिला पाहिजे. कचेरीत बसून पाणी कोणत्या दिशेला वाहते ते कळत नाही. खडकाळ जमिनीचा दर वेगळा असावा, आणि जो लहान शेतकरी आपल्या पावसाच्या मापाचे तळे खणतो त्याला संपूर्ण खर्च, आणि त्यातील काही भाग आगाऊ, मिळावा. कुंपण आणि गाळाचा खड्डा त्या खर्चात धरलेला असावा. भूजल उपसून भरण्याच्या हौदाला मात्र सार्वजनिक पैशातून एक छदामही मिळू नये. ज्याला तो हवा आहे त्याने स्वतःच्या खर्चाने, आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद पाहून ग्रामसभेने घातलेल्या मर्यादेत, बांधावा. असा ताळेबंद मांडता येत नाही, असे कोणी म्हणू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तो वर्षानुवर्षे मांडला आहे. पाऊस किती झाला ते पाहून कोणते पीक घ्यावयाचे हे तेथे गाव बसून ठरविते, आणि शेतीसाठी बोअर घेत नाही. जे एका गावाला जमले ते दहा गावांना जमणार नाही, असे मानण्यास आम्हांस कारण दिसत नाही. मात्र त्यासाठी गावात बसून ठरविण्याची सवय हवी, आणि ती सवय यंत्राने खणून निघत नाही.

शहरातील वाचकास जाता जाता एवढेच सांगावयाचे आहे, की आपल्या टोपलीतील द्राक्षे आणि डाळिंबे ही त्याच पाण्याची फळे आहेत, आणि अनुदानाचा रुपया आपल्याच कराचा आहे. तेव्हा किती हजार तळी झाली, हा आकडा ऐकून टाळ्या वाजविण्याऐवजी, त्यांतील किती पावसाने भरली, हा प्रश्न आपण विचारू लागलो पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपणांस वाडवडिलांनी शिकविले. आज खणण्याची उणीव नाही; आधीच्या विहिरीतले पाणी नव्या खड्ड्यात ओतून तहान भागली असे मानण्याची चूक मात्र होत आहे. मृगाचा पाऊस कोणाचा सातबारा पाहून पडत नाही. तो गावावर पडतो. त्याचा हिशेबही गावानेच ठेवला पाहिजे.